वडील जर्मन शिकले तेव्हा
प्रवेशाचा मेल आला तेव्हा मी आणि माझी वर्गमैत्रीण सोलापुरात नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात होतो. टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचं आमचं शेवटचं वर्ष चालू होतं. पुढच्या महिन्यात कॉलेजात कंपन्या मुलाखतींना येणार होत्या आणि त्यासाठी आम्ही पांढरे शर्टपीस घ्यायला गेलो होतो. दुकानदार कापड मोजत असताना माझा फोन वाजला. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं मला पुढच्या शिक्षणासाठी घेतलं होतं. मैत्रिणीनं ते वाचलं आणि मी सावरायच्या आत दुकानदाराला सांगून टाकलं. त्यानं मीटरपट्टी खाली ठेवली, आमच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाला, मग हे कशाला घेता, तिकडं लोकर लागेल की. आम्ही खूप हसलो. तरी मी ते पांढरं कापड घेतलंच. का घेतलं, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

अडचण कॉलेजच्या एका नियमाची होती. आदल्या वर्षी दोघांनी कॅम्पसमधून नोकरी मिळवली आणि रुजू व्हायच्या वेळेला परदेशी निघून गेले. ती कंपनी पुन्हा आली नाही. तेव्हापासून प्लेसमेंटचे सर आधीच लेखी घेत: परदेशी जाणार असाल तर मुलाखतीला बसायचं नाही. मला सोमवारपर्यंत काय ते लिहून द्यायचं होतं. हातात चार दिवस होते.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण जर्मनी माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त होती. ते अकलूजला हायस्कूलमध्ये मराठी शिकवतात. मी जर्मनचा क्लास लावला तेव्हा मला सोबत म्हणून तेही मोबाइलवर जर्मन शिकायला लागले. वहीत देवनागरीत शब्द लिहून घ्यायचे आणि दर रविवारी फोनवर माझ्याशी ताडून बघायचे. जर्मनमध्येही मराठीसारखी तीन लिंगं आहेत हे कळल्यावर त्यांना नातेवाईक भेटल्याचा आनंद झाला होता. मग एके दिवशी त्यांना समजलं, की त्या भाषेत मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ते इतके चिडले, की हा अन्याय त्यांनी शिक्षकांच्या खोलीत मांडला आणि मधली सुट्टी त्यावर वाद घालण्यात गेली. सकाळी दूध घालणाऱ्या काकांना ते 'गुटन मॉर्गन' म्हणत. काका शांतपणे 'रामराम सर' म्हणत.

आणि मला जायचं नव्हतं. म्हणजे अर्ज भरला तेव्हा जायचं होतं. त्यानंतरच्या कॉलेजच्या सुट्टीत मी सोलापुरातल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात प्रशिक्षणाला गेले आणि तिथं सगळं बदललं. तिथले यंत्रदुरुस्ती करणारे जॉबर साठीच्या आसपासचे होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला कशाला हात लावू दिला नाही. मागाशेजारी उभं राहून नुसतं ऐकायला सांगितलं. "कान लाव, ते सांगतंय की," एवढंच म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात एका मागावरच्या टॉवेलचे लूप, म्हणजे वर उठणारे धाग्याचे फास, एका कडेला सैल पडत होते. आवाजावरून बिघाड कुठं आहे ते मी ओळखलं आणि ते "व्हय" म्हणाले. त्या एका शब्दानं मी दिवसभर हवेत होते. प्रशिक्षण संपायच्या आधी डाळिंबाच्या दाण्यांची एक काठाची नक्षी मी काढली होती, तीही त्यांनी मागावर चढवली. आपल्या डोक्यातलं काहीतरी धाग्यातून बाहेर येताना मी पहिल्यांदा बघत होते. तसं पुन्हा करायचं होतं, आणि लवकर.

शनिवारी एसटीनं अकलूजला निघाले. वाटेत वडिलांना सांगायचं वाक्य जुळवत बसले. वेळापूर मागं पडलं तरी जुळलं नाही. मेलची बातमी घरी फोनवर आधीच दिली होती, त्यामुळं पोचले तोवर त्यांचे शाळेत पेढे वाटून झाले होते. शेजारच्या काकू नमस्कार घ्यायला थांबल्या होत्या. मी सगळ्यांपुढं हसले आणि पेढा खाल्ला. आईनं मात्र माझ्याकडं एकदा नीट बघितलं. ती डेअरीच्या कार्यालयात काम करते, माणसं ओळखण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. सकाळी फिरायला जाताना तुझ्या पप्पांना घेऊन जा, एवढंच ती म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कालव्याच्या कडेनं चालत होतो. दोन्ही बाजूंना ऊस होता. वडील जर्मनीतल्या बर्फाबद्दल बोलत होते. मी मध्येच थांबले.

"पप्पा, मला यंदा जायचं नाहीये. मी कॅम्पसला बसणार आहे."

ते थोडं चालून मग थांबले. "घाबरलीस का?"

"थोडी. पण कारण ते नाही. मला आधी मशीनवर काम करायचंय. दोन वर्षं पुन्हा वर्गात बसावंसं वाटत नाही."

त्यांनी उसाचं एक पान ओढलं आणि बोटाभोवती गुंडाळलं. मला वाटलं, आता दुखावले. मग ते म्हणाले, "खरं सांगू? त्या विद्यापीठाचे फोटो मी रोज बघतो. लायब्ररी कुठल्या मजल्यावर आहे तेसुद्धा मला माहितीय. तुला विचारायचं तेवढं राहून गेलं."

मला एकदम रडू आलं आणि त्यांना हसू. परतताना त्यांनी मला कारखान्यातलं सगळं विचारलं, लूप म्हणजे काय इथपासून. पेढ्यांचं काय करायचं हा माझा प्रश्न त्यांनी उडवून लावला. सोमवारी शाळेत त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की लेकीला परदेशातून बोलावणं होतं, तिनं नाही म्हणून कळवलं. हे त्यांनी म्हणे आधीच्या बातमीपेक्षा जास्त ऐटीत सांगितलं. जर्मन त्यांनी सोडलं नाही.

मी त्याच सोमवारी सरांना कॅम्पसला बसत असल्याचं लिहून दिलं आणि विद्यापीठाला आभार मानून नकार कळवला. ते पत्र पाठवल्यावर मी हॉस्टेलच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले.

पहिल्या कंपनीनं मला घेतलं नाही. मैत्रिणीला घेतलं. त्या दिवशी मला हसू फार आणता आलं नाही, हे कबूल करायला हवं. मग आठ दिवसांनी टॉवेल निर्यात करणारी एक कंपनी आली. मुलाखतीतल्या बाईंनी विचारलं, की माग अडकला तर आधी काय करशील. मी म्हणाले, आधी ऐकेन. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढची वीस मिनिटं आम्ही मागांबद्दलच बोलत राहिलो.

यादी दुपारी लागली, त्यात माझं नाव होतं. मैत्रीण मला ओढतच तिच्या घरी घेऊन गेली. तिच्या घरी विणकाम चालत आलेलं आणि घरात तेलुगू बोलतात. तिच्या आईनं आमच्यापुढं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही ठेवलं. मी घरी फोन लावला तर मैत्रिणीच्या आईनं तो माझ्या हातातून घेतला आणि माझ्या आईशी बोलायला लागली. निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. पलीकडून आई अकलूजच्या मराठीत उत्तरं देत होती. एकमेकींना किती कळलं कुणास ठाऊक, पण दोघी चांगल्या अर्धा तास बोलल्या. आम्ही दोघींनी तोवर सगळी चटणी संपवली.