प्रश्नावलीत पास झालेला भाऊ

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की आमच्या घरी परवचा होई. वडील प्राथमिक शिक्षक होते. आधी शुभंकरोती, मग पाढे, मग दुसऱ्या दिवशीचं दप्तर भरून दाराशी ठेवायचं. हा क्रम कधी मोडला नाही. मी पुढे शिक्षिका झाले. माझ्यामागून पाढे म्हणणारा धाकटा भाऊ दिंडोरीत द्राक्षबागांच्या औषधांच्या दुकानात लागला. कोणत्या फवारणीला किती मिली, हे तो बागायतदारांना तोंडपाठ सांगे.

त्याची दारूही मापातच होती. दिवेलागणीला तो फवारणीच्या औषधाबरोबर येणारं एक कोरं प्लॅस्टिकचं माप फडताळातून काढी, दारू मोजून स्टीलच्या पेल्यात ओती, आणि पिऊन झाल्यावर पेला स्वतः घासून ओट्यावर पालथा घाली. आरडाओरडा नाही, शिवी नाही. फक्त ते माप वर्षागणिक जास्त वेळा भरलं जाऊ लागलं. पुढे सकाळी दुकानाचं कुलूप उघडताना हात थरथरू लागला, जेवण सुटलं, डोळ्यांत पिवळसर झाक आली. तेव्हा भावजयीने मला बोलावून घेतलं. तो माझं ऐकेल, असं तिला वाटत होतं.

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही दोघींनी त्याला नेलं. दाखल होणं त्याच्या संमतीवर होतं, आणि तो 'आधी तपासू द्या, मग बघू' इथवरच आला होता. तिथल्या तरुण समुपदेशक बाईंनी बरंच विचारलं, रक्त घ्यायला सांगितलं आणि शेवटी व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली पुढे ठेवली. बाहेर ट्रकांचे हॉर्न वाजत होते. हा परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसून खुणा करत होता. नियम मोडायला आवडतं का? नाही. विचार न करता कामात उडी घेता का? नाही. एका जागी बसून कंटाळा येतो का? नाही. मी शेजारीच होते. त्यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं.

निष्कर्ष आला: व्यसनाचा धोका कमी.

"मॅडम, यात दारू मोजलेली नाही," बाई मला म्हणाल्या. "पिणाऱ्या बऱ्याच जणांचा स्वभाव कसा असतो, त्यावरून हा नुसता अंदाज आहे. यांचा स्वभाव तसा नाही, पण हे पितात. यांनी दाखल व्हावं."

मोजमाप जे मोजायचं म्हणतं तेच मोजतं का, याला मानसशास्त्रात वैधता म्हणतात. वजनाचा काटा कितीही अचूक असला तरी त्यावर उभं करून मुलाची उंची कळत नाही. मला हे तिथल्या तिथे समजलं. भावाने मात्र 'कमी' एवढाच शब्द उचलला होता.

"ताई, पास झालो," रिक्षात तो हसून म्हणाला.

"पेपरच दुसऱ्या विषयाचा होता," भावजय बाहेर बघत म्हणाली.

"विषय कुठला का असेना, निकाल तो निकाल."

एकदा लागलेल्या निकालावर आमच्या घरात कधी वाद होत नसे. रक्ताचा अहवाल वाईट आला, तेव्हा गोळ्या घ्यायला तो कबूल झाला, दाखल व्हायला नाही. पास झालेल्याला पुन्हा त्याच वर्गात बसवतात का, असं त्याने मला अगदी शांतपणे विचारलं. द्राक्षबागांची पुढची छाटणी पाहायला तो राहिला नाही.

नंतर मी केंद्रात जाऊन एक कोरी प्रश्नावली मागून आणली आणि पेन्सिलीने सोडवली. मी दारूला कधी शिवलेली नाही. तरी माझी उत्तरं ओळीने त्याचीच निघाली. त्या कागदाला तो दिसला नव्हता आणि मीही दिसले नसते; कागदाला दिसलं होतं ते आमचं घर, तिन्हीसांजेला एका सुरात पाढे म्हणणारं.

भावजयीने पेला टाकलेला नाही. दिवेलागणीला मी तिच्याकडे असले की ती मला त्यातूनच पाणी देते. मी पिते. मग उठून तो घासते आणि ओट्यावर पालथा घालते. पेला टेकल्याचा, त्याच्या वेळचाच आवाज झाला की ती देवापाशी बसल्या जागी थबकते, आणि ती मान वळवून मला बघेपर्यंत मीही ओट्याशी तशीच उभी राहते.