शमीमचाचीने फोडलेला चुडा

शमीमचाची गेल्याचा फोन तिच्या सुनेने केला, तेव्हा मी निरगुडसरला कांद्याला पाणी देत होते. मोटार बंद केली आणि तशीच बांधावर बसले. आजारी होती हे माहीत होतं, तरी ती जाईल असं कधी वाटलं नव्हतं. एवढी बडबडी बाई!

मंचरच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. आमच्या भागातल्या कितीतरी लेकीसुनांचे हात तिनेच भरलेले. हात दाबता दाबता घरातलं सगळं बोलण्यातून काढून घ्यायची. बांगडी 'फुटली' म्हटलेलं मात्र तिला खपायचं नाही. "वाढली म्हनावं, येडे!"

माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. म्हणून दुसऱ्या वेळी सासूबाईंनी चाचीला घरी बोलावून माझे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले आणि बाळंत होईपर्यंत एकही बांगडी निघता कामा नये, असं बजावलं. चाचीनेही मान डोलावली.

दिवस कोरोनाचे. मला ताप आला, तपासणीत कोरोनाच निघाला. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट समजावलं. पुण्याहून मागवलेलं औषध म्हणजे तयार प्रतिपिंडं, विषाणूला अडवणारी. सलाइनमधून एकदाच द्यायची. गरोदर बायकांत त्याचा अनुभव अजून थोडा आहे, पण आजार वाढला तर तुम्हाला आणि बाळाला धोका मोठा. ऑक्सिजन लागायची वेळ आली की मग याचा उपयोग नाही. मी हो म्हटलं. पण सुजलेल्या हातांत शीर सापडेना. एक दिसत होती ती मनगटापाशी, बांगड्यांखाली. साबण लावूनही बांगड्या हलेनात. फोडाव्या लागतील म्हटल्यावर मी हात पोटाशी धरले. फोनवर सासूबाईंचं एकच, "चुड्याला हात लावू दिऊ नगं." औषध तयार, आणि मी रडत बसलेली... अडाणीपणा म्हणा हवं तर. एक मूल गेलेल्या बाईच्या तोंडावर म्हणून बघा.

शेवटी नवऱ्याने चाचीला आणलं. डोक्यापासून पायापर्यंतच्या त्या पांढऱ्या पोशाखात ती ओळखूच येईना, आवाजावरून कळलं. "मी भरल्यात, मीच फोडनार. काय पाप लागायचं ते मला लागू दे." फडक्यात धरून तिने एकेक बांगडी दाबली. एक हात मोकळा झाला आणि सलाइन लागलं.

आजार वाढला नाही. औषधामुळेच, असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. मुलगी वेळेवर झाली, धडधाकट. पण तोवर चाचीचा बोभाटा झाला होता, गरोदर बाईचा चुडा फोडला म्हणून. सासूबाईंनी तिचं नाव टाकलं. इतरही घरांनी डोहाळजेवणाला दुसरी बाई बोलावली. मला फार लागलं ते. चाची एवढंच म्हणाली, "लोकांचं सोड. तू जेवतीस ना नीट?" पुढे बारशाला सासूबाईंनी नात आपणहून तिच्या मांडीवर ठेवली. माफी वगैरे नाही. आमच्या घरात ती पद्धतच नाही.

गेल्या आठवड्यात धाकट्या जावेचं डोहाळजेवण झालं. नवी बांगडीवाली आली आणि चटचट हात भरू लागली. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. मध्येच त्यांनी तिचं मनगट धरलं.

"भरतीस चांगली. पर येळ आली तर फोडशील का?"

ती बावरून माझ्याकडे बघू लागली. तिने हो म्हणून मान हलवेपर्यंत सासूबाईंनी मनगट सोडलं नाही.