कार्टूनमधली सावत्र आई

मी लग्न होऊन नाशिकमधल्या अंबडच्या या घरात आले, तेव्हा ह्यांच्या मुलीला सहावं लागलं होतं. तिनं मला काकू म्हणायचं, हे मोठ्यांनी आपापसात ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. शिवाय एक गोष्ट न सांगताच ठरली होती. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, तसा 'सावत्र' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. ह्यांनी तर मुलीच्या गोष्टींच्या पुस्तकांतून सावत्र आया वेचून वेचून माळ्यावर टाकल्या. मला हसू यायचं, रागही यायचा. शब्द लपवला म्हणून मी थोडीच लपणार होते! या पोरीनं मला आपलं काहीतरी मानावं, एवढंच मला हवं होतं. काकू काय, शेजारीपाजारी ढीगभर होत्या.

यंदा पितृपक्षात ह्यांच्या पहिल्या बायकोची अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेलेल्या बाईचं हे श्राद्ध. तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं आणि तिचं पान होईपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही, असं माझ्या माहेरी, चांदवडकडे कडक पाळतात. मी पहाटेच पदर खोचला. खीर, वडे, कढी, गिलक्याची भजी. जिला कधी पाहिलंही नव्हतं, तिच्यासाठी इतका जीव ओतून मी रांधत होते. तिनं मला नावं ठेवू नयेत, असं उगाच वाटत होतं.

जेवायला यायची होती मुलीची मावशी, त्या बाईंची सख्खी बहीण. ती नाशिक रोडहून निघाली आणि द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली. इकडे पोरगी भज्यांच्या ताटाभोवती घिरट्या घालत होती.

"काकू, एकच दे ना."

"थांब गं, आधी आईचं पान."

पुन्हा मागितलं, पुन्हा तेच उत्तर. तिचे डोळे भरले. लेकराला उपाशी ठेवणारी बाई कशी दिसते, ते मला कळत होतं, पण रीत मोडायला हात धजेना.

तिचं मन रमावं म्हणून ह्यांनी टीव्हीवर एक जुनंपुराणं कार्टून लावलं. पुस्तकं चाळणीतून काढणाऱ्या माणसानं हे मात्र न बघता लावलं. चित्रं थरथरत होती, आवाज डब्यातून आल्यासारखा. सगळ्या परीकथांतली माणसं एकाच गावात राहत होती. लांडगा चपला घालून स्वेटर विणत बसलेला. आणि मग आली ती, लांब नाकाची, काळ्या झग्यातली. मी रिमोटकडे झेपावले. पोरीनं तो मांडीखाली घेतला.

पण ही गोष्टच उलटी होती. राजकन्या झोपेतून उठेचना. उठवायला आलेला राजपुत्रही तिच्या शेजारी घोरायला लागला. शेवटी लांब नाकवालीनं दोघांना दोन्हीकडे काखोटीला मारलं, नदी ओलांडून लग्नमंडपात नेलं आणि आधी पोटभर सूप पाजलं. मागून लांडगा त्यांचे बूट घेऊन पळत होता. पोरगी हसून हसून लोळली.

"ही राजकन्येची आई?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकदम या लपवालपवीचा कंटाळा आला.

"नाही. सावत्र आई."

"म्हणजे?"

"आई देवाघरी गेल्यावर जी येते ती."

तिनं विचार केला. "तुझ्यासारखी?"

"हो, माझ्यासारखी."

ती म्हणाली, "मग मला भूक लागलीय."

मी उठले आणि तिला वाढलं. भजी, वडे, वाटीभर खीर. रीत गेली खड्ड्यात.

नेमकी तेव्हाच मावशी दारात आली. घामाघूम, हातात ओटीचं सामान. पान मांडायच्या आधीच जेवायला बसलेली भाची तिनं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

पोरीनं खिरीच्या तोंडानंच ओरडून सांगितलं, "मावशी, ही माझी सावत्र आई! हिनं मला आधी वाढलं!"

ह्यांचा चेहरा पडला. मावशी पुढे झाली, तिच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "असं नाही म्हणू बाळा."

"का?" पोरीनं भजं उचलत विचारलं. "माझीच तर आहे."