‘दारी दिवा’ नावाची तीन गाणी

उंद्रीत लग्न असो, तेरवी असो की सप्ताह, माईक-भोंगे प्रेमानंदचेच. सडपातळ माणूस, कानावर पेन. एकाच नावाची गाणी त्यानं एका वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवली आहेत. नुसत्या ‘दारी दिवा’ नावाचीच तीन: एक जुन्या कॅसेटमधलं भजन, एक वरातीत नाचायचं आणि एक बुद्धजयंतीचं. म्हणून कोणी गाण्याचं नाव सांगितलं की तो विचारणारच, “कोन्तं बापा? नाचाचं, रडाचं का हात जोडाचं?” लोक हसतात, पण वीस वर्षांत त्यानं तेरवीत वरातीचं गाणं लावलेलं नाही.

प्रेमानंद बौद्ध, आम्ही माळी. हे लिहायची गरज पडू नये, पण पडली.

मागच्या एकादशीला घरी भजन होतं. सासूबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून. अंगण बायकांनी भरलेलं. मी आरतीचं ताट घेऊन माईकपाशी आले, तेवढ्यात प्रेमानंदनं सांगितलं, “आता ‘दारी दिवा’.” भोंग्यातून पेटी वाजू लागली. शब्द यायचीही वाट मी पाहिली नाही.

“बंद कर ते! तुमचं गाणं आमच्या देवासमोर काऊन? तुमच्या वस्तीत लावत जाय!”

माईक चालूच होता. पार वेशीपर्यंत गेलं असेल.

“बरं, ताई,” म्हणून त्यानं बटण दाबलं. शेजारच्या पुष्पाबाई उगाच पदर सारखा करत बसल्या.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, ते मीच सांगतलं व्हतं त्याले. माही माय म्हने ते भजन. दोन महिने हिंडला तो, तवा खामगावात कॅसेट भेटली.”

‘चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, “चला, आरती घ्या.” त्यानं माईक माझ्या उंचीला लावून दिला. आरती खणखणीत झाली. तो प्रसाद न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी पूजेत हात चालेना. देवाकडे पाहवेना. तशीच त्याच्या घरी गेले. त्याची बायको बेबीताई तांदूळ निवडत होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या घरचं पाणी मी पहिल्यांदा प्याले, आणि ते तिलाही माहीत होतं.

“चुकलं माझं, प्रेमानंदभाऊ.”

तो वायर सोलत होता. “चुकलं हे मले मालूम हाय, ताई. पन बोलल्या तुमी माईकवर. अन् माफी माह्या अंगनात?”

“जाऊ द्या ना,” बेबीताई म्हणाली, “घरी आल्या त्या.”

“काऊन जाऊ देऊ?” त्यानं मान वर केली नाही.

मला राग आला, हेही खरं. दहा-बारा दिवस तो पुरवला. मग पुरेना.

काल एकादशी. देवळात हरिपाठ संपला आणि बायका उठायच्या आत मी माईक घेतला. “त्या दिवशी मी प्रेमानंदभाऊंना जे बोलले...”

मागून त्याचा आवाज आला, “ताई, माईक तोंडाजोळ घ्या. मांगं ऐकू येऊन नाई राह्यलं.”

कोणी हसलं नाही. मी माईक जवळ घेतला आणि पहिल्यापासून बोलले.