हर्षदाचा फोन बंद होता

मैत्रिणींनो, घरी येऊन तास झाला, आणि आधी हे लिहायला बसले.

आमची संस्था जळगावात मुलींचं वसतिगृह चालवते. देणग्या मिळवण्याच्या कामाची मी प्रमुख. आज हर्षदाला पहिल्यांदाच एकटीला फैजपूरच्या एका केळी व्यापाऱ्याकडे पाठवलं. ती कामाला लागून तीनच महिने झालेत. दात्याकडे जाताना फोनवर लोकेशन चालू ठेवायचं, हा आमचा नियम.

दुपारी दोनला लोकेशन गेलं. फोन बंद. व्यापारीही फोन उचलेना. मी गाडी काढली. भुसावळ ओलांडेपर्यंत डोळ्यांसमोर काय काय आलं ते लिहवत नाही.

फैजपूरच्या बसस्टँडवर ती बसलेली दिसली.

"काही झालं नाही मॅडम," ती म्हणाली. "बाग दाखवतो म्हणून ते आत आत घेऊन गेले. दुसरं कोणीच नव्हतं. केळीत रस्ता दिसेनासा झाला तेव्हा मी घाबरले आणि तशीच मागे फिरून निघून आले."

"मग फोन का बंद केलास?"

"तुमचा फोन आला असता तर रडू फुटलं असतं. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात, घाबरणारीनं या कामात यायचं नाही."

हो, म्हणाले होते. मलाही कोणीतरी हेच सांगितलं होतं, आणि मी ते वर्षानुवर्षं अभिमानाने पुढे सांगत आले.

त्या बागेत तिला माझीही भीती वाटत होती.

तुमच्यापैकी ज्या आज प्रमुख आहेत, त्यांना विचारते. तुमच्या हाताखालच्या मुली घाबरल्या की तुम्हाला फोन करतात, की स्वतःचा फोन बंद करतात?