कसा आहे गा पिक्चर?
जाड पितळी बक्कलाचा पट्टा दिसला की मला अजून तो सिनेमा आठवतो, ज्याची तेव्हा अख्ख्या नागपुरात वाहवा चालली होती. मे महिन्यातल्या एका रविवारी थोरला भाऊ आणि मी कोराडीहून बसने आलो, तीनचा खेळ पाहिला आणि घामाने चिंब होऊन बाहेर पडलो. सहाच्या खेळाची लाइन उन्हात उभी होती, आणि बाहेर येणाऱ्यांना लाइनीतल्यांनी हटकायचं हा तिथला रिवाजच. एका धिप्पाड माणसाने विचारलं, "कसा आहे गा पिक्चर?" भाऊ खरं ते बोलला, "बेकार. मले तर झोप लागली." "मी दुपारपासून उन्हात मरून राहिलो अन् तू बेकार म्हनतं?" असं ओरडत त्याने कमरेचा पट्टा उपसला. बक्कल सपकन भुवईवर बसलं, भाऊ रक्ताने माखून खाली पडला, तरी त्या माणसाच्या लाथा थांबेनात. ते पाहून आमच्या मागून जांभया देत येणारे लोक, कोणी न विचारताच, सांगू लागले, "एक नंबर आहे, एक नंबर!" परवा टीव्हीवर तोच सिनेमा लागला, म्हणे अजरामर! भावाच्या नातवाने त्याला विचारलं, "आजोबा, कसा आहे?" भावाचा हात भुवईवरच्या व्रणाकडे गेला आणि तो हळूच म्हणाला, "एक नंबर."