हार्लनने नावं ठेवलेली रायफल

हार्लन प्रुइटने जन्मात एखाद्या बंदुकीला चांगलं म्हटलं असेल, तर ती त्याने स्वतः विकायला काढलेली. दुसऱ्याच्या हातातली ती सगळी भंगार. मॉंटानात जुन्या बंदुकांचा बाजार भरला की हा कोपऱ्यातलं टेबल अडवून, गालात तंबाखू धरून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा पाणउतारा करायचा. माणूस खजील झाला की माल स्वस्तात सोडतो, एवढीच याची अक्कल. अर्धं गाव याला जाणकार म्हणायचं. जाणकार कसला डोंबलाचा! नजर मात्र होती मेल्याला, नाही म्हणता येत नाही.

शनिवारी सकाळी डोरीन टॉफ्टे आली. नवरा गेल्यापासून गुरांचं सगळं तीच एकटी बघते. तिने टेबलावर घोंगडी उलगडली आणि हार्लनचं चघळणं थांबलं. नवऱ्याच्या आजोबांची, घोड्याखालचा दांडा ओढून काडतूस चढवायची जुनी लिव्हरची रायफल. आठपैलू नळी, स्क्रूंना कुणी कधी पेचकस लावलेला नाही, आणि अंगभर जुन्या ग्रीसचा वाळका थर. त्याने नखाने हळूच जरासा खरवडला. खाली कारखान्यातून निघाला तसाच निळा-जांभळा रंग! असल्या एका नगासाठी हा उभा जन्म वणवण फिरला होता.

"काय हो, कशी आहे?" डोरीनने विचारलं.

आता तरी खरं बोलावं की नाही? पण जित्याची खोड!

"अहो बाई, उकिरड्यावरून उचललीत की काय? केवढी ही घाण! लाकूड काळं, लोखंड मळकं. चारचौघांत आणायला लाज नाही वाटली?"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. डोरीनचे कान लाल झाले.

"मग नाही का विकली जायची?"

"उद्या या. दया आली तर ठेवून घेईन."

एक रात्र बाई झुरली की फुकटात देईल, असा याचा डाव. संध्याकाळी घरी जाऊन पठ्ठ्याने रायफल टांगायला भिंतीवर खिळासुद्धा ठोकला.

रविवारी डोरीन हसतच आली. घोंगडी उलगडली तर रायफल नव्या पातेल्यासारखी लखलखत होती.

"तुमचं बोलणं फार लागलं हो मला. पॉलिश पेपरने सगळी घासून काढली, लाकडाला वॉर्निश दिलं. आजेसासऱ्यांची वस्तू, तिला कुणी नावं का ठेवावीत?"

हार्लनने नळीवर नख घासून पाहिलं. "अहो, सोनं होतं ते! तो जुना रंग, तीच तर तिची सगळी किंमत! काय करून बसलात हे!"

"काल उकिरडा, आज सोनं. तुमचं काही खरं नाही, हार्लन." डोरीनने घोंगडी गुंडाळली. "विकायचीच नाही मला. घरी टांगते. आता चारचौघांत दाखवण्यासारखी तरी झालीय."

"अहो, देवाशपथ खरं सांगतोय!" हार्लन ओरडला. आजूबाजूचे कालच्यासारखेच फिदीफिदी हसले.

भिंतीवरचा तो खिळा अजून आहे. हार्लन त्याला टोपी अडकवतो.